एकतिसावा शत्रू

४ फेब्रुवारी

पत्राची सुरुवात कशी करावी यात चहाचे दोन कप संपले. ‘प्रिय’ लिहावं तर तू म्हणशील, एकवीस वर्षांनी हिला प्रेमाचं भरतं आलं. न लिहावं तर म्हणशील, ताईचा ताठा अजून तसाच. म्हणून दोन्ही सोडून देते आणि कामाचं बोलते. कामाचं बोलायला आपण दोघं कधी अडलो नाही. गेल्या वर्षी बाबा गेले तेव्हासुद्धा चार दिवसांत आपण दाखले आणि कपाटाच्या किल्ल्या एवढ्यावरच बोललो, आणि अगदी व्यवस्थित बोललो.

तर काम असं. जुने व्हिडिओ गेम नव्या मशीनवर चालतील असे करून पुन्हा विकणारी एक लहानशी कंपनी आहे. तिथल्या बाईंना आपला गेम हवा आहे. हो, तोच, किल्लीवाल्याच्या दुकानावरच्या आपल्या राहत्या खोलीत केलेला. त्यांच्याकडे फ्लॉपी आहे, खोकं आहे, आतलं माहितीपत्रकही आहे. गाडी अडलीय ती शत्रूंच्या नावांपाशी. तो खोडरबरासारखा प्राणी आठवतोय ना, अंगावरून गेला की माणूस पुसला जायचा? पडद्यावर तो ‘ख्झोड्रब’ आहे, खोक्यावर ‘खझोड्रब’ आणि पत्रकात ‘खोझड्रब’. बाई फार सभ्य आहेत, त्यांनी ‘विसंगती’ असा शब्द वापरला. मी आयुष्यभर औषधांच्या खोक्यांवरचा बारीक मजकूर तपासतेय, लोकांच्या वेलांट्या सरळ करतेय, आणि माझ्याच शत्रूंची नावं तीन तऱ्हांनी छापली गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यांना एकतीस नावांची एक पक्की यादी हवी आहे, खाली आपल्या दोघांच्या सह्या. वीस मार्चपर्यंत. नाही मिळाली तर ते आपला गेम सोडून दुसरा घेतील, तसं त्यांनी स्पष्ट कळवलंय.

यादी करायला मी वही काढली. तुला वाटलं असेल टाकून दिली असेन. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, तू आखलेल्या चार रकान्यांची: क्रमांक, नाव, मयत, तारीख. आपला नियम वाचून हसूच आलं. नवा शत्रू तयार झाला की दोघांनी मिळून खेळून बघायचं, आणि त्याच्या हातून जो पहिला मरेल त्याने त्याचं नाव ठेवायचं. मरणाऱ्याचा मान, तू म्हणायचास. मग मेलेल्याने ‘मयत’ खाली सही करायची. पहिल्या दहांत माझ्या आठ सह्या आहेत. तुझं म्हणणं, मला खेळता येत नव्हतं. माझं म्हणणं, मला नावं सुचत होती म्हणून मी मरत होते.

नावं घरातूनच यायची. भिंतीभर दात असलेली ती किसणीवरून ‘क्झिस्नी’. तोंडावर येऊन बसणारी मऊ ‘उश्झी’. आणि दारात बसून राहणारा, काहीच न करणारा, पण हलायचं नाव न घेणारा तो ‘मामझ्झ’. मामांनी तो गेम पाहिला आणि नाव कोणावरून आलं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. परग्रहावरचा वाटायचा तर नावात एक तरी झ पाहिजे, हा तुझा सिद्धांत. परग्रहावर मराठी शिकवायला कोण गेलं होतं, असं बाबा विचारायचे.

यादी सोबत जोडली आहे. तुला योग्य वाटतील ते बदल कर आणि सही करून पाठव. एकतिसाव्याचं नंतर बघू.

ताई


१७ फेब्रुवारी

तुझं उत्तर आलं. लाल पेनाने माझ्या एकोणीस चुका काढल्यास. त्यातल्या सतरा बरोबर आहेत. ‘उश्झी’ दीर्घच राहील, कारण मी मेले होते, तू नाही.

लिफ्टच्या कंपनीत तू नक्की काय करतोस ते इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. दार किती सेकंद उघडं ठेवायचं हे ठरवण्यात माणसाचा अख्खा दिवस जाऊ शकतो, हे वाचून बरं वाटलं. मामझ्झचं दार तू असाच आठवडाभर घासत बसला होतास. खालून किल्लीवाल्याच्या चाकाचा किर्र आवाज, एकच मशीन, दोन खुर्च्या आणि एक स्टूल. तू प्रोग्राम लिहून शत्रूंना चालवायचास, मी नावं आणि तक्ते भरायची, आणि स्टुलावर बाबा. साइनबोर्ड रंगवून आले की हात टर्पेंटाइनने पुसून चौकटीच्या कागदावर आपली अक्षरं काढायचे. सोळा आडवे चौकोन, सोळा उभे. एकेक चौकोन पेन्सिलने काळा करायचा आणि मग मी तो मशीनमध्ये उतरवायची. जागा कमी म्हणून जेवढी अक्षरं लागतील तेवढीच काढायची. नवं नाव ठरलं की बाबा विचारायचे, यात नवीन अक्षर आहे का? नसलं तर त्यांचा चेहरा पडायचा. एका नावाला आठच घरं आणि प्रत्येक जोडाक्षर दोन घरं खाणार, म्हणून तुमची भांडणं व्हायची. बाबा म्हणत, पाटी लहान असेल तर माणूस दुकानाचं नाव कापतो, दुकान नाही कापत. तू म्हणायचास, बाबा, ही पाटी नाहीय. आज पाहिलं तर ती पाटीच होती.

आता तुझी अट. एकतिसावं नाव बदल, मग सही करतो, असं तू लिहिलंयस. पुढे लिहिलंयस की शाळेत चष्म्यामुळे सात वर्षं जे नाव सोसलं, ते मी जगभर छापलं. बाकीच्या तिसांना निदान एक झ लावून तोंड लपवायला दिलं होतं, याला तेवढंही नाही. नुसतं, उघडं, ‘घुबड’. आणि मग सगळ्यांच्या हातात बंदूक देऊन सांगितलं, झाडा याच्यावर गोळ्या.

हे तू मला एकवीस वर्षांत पहिल्यांदाच इतकं सविस्तर सांगितलंस. गेम विक्रीला आला त्या दिवशी दुकानात तू एकच वाक्य बोलला होतास.

नाव बदलणं सोपं आहे. बाईंनीही विचारलंय की एवढ्याच नावात झ नाही, तर ती छपाईची चूक आहे का. मी हो म्हटलं की काम झालं. पण मला ते करता येत नाही. का, ते आत्ता विचारू नकोस. दुसरं काहीही माग.

ताई


१ मार्च

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. ‘दुसरं काही नको.’ बरं. नाकावर राग घेऊनच तू जन्मलास, त्याला मी तरी काय करणार.

सोबत वहीच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स आहे. आधी ती बघ. क्रमांक एकतीस, नाव घुबड. ‘मयत’ खाली सही कोणाची आहे ते नीट बघ. पाट्यांच्या कोपऱ्यात ती सही तू लहानपणापासून पाहत आलायस.

ते नाव बाबांनी ठेवलं.

तू छापखान्यात खोकी आणायला गेला होतास तो दिवस. एकतिसावा सकाळीच तयार झाला होता. जाताना तू म्हणालास, ताई, चारला येतो, मग दोघं मिळून मरू. फ्लॉपीच्या प्रती काढणारा माणूस पाचला येणार होता. नावाचं घर रिकामं ठेवलं की मशीन अडकायचं, म्हणजे पाचच्या आत नाव हवंच होतं. चार वाजले, साडेचार झाले, तुझा पत्ता नाही. खोक्यांवरची शाई ओली होती, हे नंतर कळलं.

बाबा वर आले. तुला आठवत असेल, त्याच्या दोन महिने आधी त्यांनी इस्त्री लावायला मशीनचा प्लग काढला होता आणि तुझं पंधरा दिवसांचं काम गेलं होतं. तू ओरडलास, बाबा, या मशीनला पुन्हा हात लावायचा नाही. त्यांनी लावला नाही. स्टूलसुद्धा वीतभर मागे सरकवून घेतलं होतं, तुझ्या लक्षात आलं नसेल. त्या दिवशी त्यांनी दारातून विचारलं, “तो नाहीय ना? मी बसू का जरा?”

मी बसवलं. नियम मोडत होते हे मला कळत होतं. तुझी वाट बघायला हवी होती. पण बासष्ट वर्षांचा माणूस आपल्याच घरात खुर्चीवर बसायची परवानगी मागतोय, त्याला मी काय सांगणार होते?

ते खेळले, आणि मेले. मी म्हटलं, बाबा, आता नाव तुमचं. आधी ते लाजले. मग पडद्याच्या जवळ जाऊन त्या शत्रूचे ते दोन मोठे, न मिटणारे डोळे बघत राहिले आणि म्हणाले, “हे डोळे आपल्याच घरातले आहेत. घुबड म्हण त्याला.” लहानपणी तू झोपायचा नाहीस, अंथरुणात डोळे टक्क उघडे ठेवून पडायचास, म्हणून तुला घुबड म्हणायला त्यांनीच सुरुवात केली होती. शाळेतल्या पोरांनी ते कुठून तरी उचललं आणि त्याची शिवी केली. बाबांना हे कधी ठाऊकच नव्हतं. तू घरी सांगितलं नव्हतंस. मला ठाऊक होतं, पण त्यांचा चेहरा बघून मला ते सांगवलं नाही.

मी म्हटलं, झ लावूया का? म्हणाले, “याला नको. बाकीचे परग्रहावरचे असतील, हा घरचा आहे.” घ हे अक्षर तोवर कुठल्याच नावात आलं नव्हतं. त्यांनी तिथेच बसून चौकटीच्या कागदावर घ काढला. एवढं खूश होऊन काढलेलं त्यांचं दुसरं अक्षर माझ्या आठवणीत नाही. कागद माझ्याकडे आहे.

संध्याकाळी तू दमून आलास आणि विचारलंस, नाव काय ठेवलं? मी म्हटलं, दुकानात बघ. कारण बाबांनी सांगितलं होतं, “पडद्यावर बघू दे त्याला. तोवर बोलू नकोस.”

ताई


१० मार्च

नऊ दिवस झाले, तुझं उत्तर नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही लिहिलं नसतं. मी विचारलं असतं, मग त्या दिवशी दुकानात ‘हो’ का म्हणालीस? आणि नंतर एकवीस वर्षं मूग गिळून का बसलीस? तू विचारत नाहीयस, म्हणून मीच सांगते.

दुकानात गर्दी होती. कोणीतरी शेवटपर्यंत पोचला, पडद्यावर नाव आलं, आणि नेमका तुझ्या वर्गातला तो उंच मुलगा मागून ओरडला, अरे, हा तर आपला घुबड. सगळे हसले. तू माझ्याकडे वळलास. तुझा चेहरा पांढराफटक होता. “ताई, हे तू केलंस?”

तेव्हा तुझ्या मागे दाराशी बाबा उभे होते. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. गर्दीत त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, पण ते टाचा उंचावून तुझ्याकडे बघत होते, तू कधी हसतोस याची वाट बघत. मला दोघंही एकाच वेळी दिसत होते. मी खरं बोलले असते तर तू तसाच त्यांच्याकडे वळला असतास, त्याच चेहऱ्याने. म्हणून मी म्हटलं, हो. तू बाहेर पडलास, त्यांच्या अंगावरूनच गेलास.

बाबांनी जवळ येऊन विचारलं, “हसला का तो?”

मी म्हटलं, “हसला, बाबा.”

महिन्याभरात तू नोकरी घेऊन गेलास. मी त्यांना सांगितलं, पगार चांगला होता. त्यांना ते खरं वाटलं. दर रविवारी फोनवर तुम्ही हवापाण्याचं बोलायचात आणि मधेच ते म्हणायचे, “मग काय, घुबडराव?” की तुझ्याकडून सगळं चिडीचूप. ते मला म्हणायचे, लाइन खराब आहे वाटतं. मी म्हणायची, हो, खराबच आहे. तुला वाटत असेल की मी त्यांनाही फितवलं. तुला सांगावं असं शंभर वेळा मनात आलं. पण तू फोन उचलून त्यांना काही बोलला असतास तर? आपल्या लाडाच्या नावाने पोरगं घराबाहेर गेलं, हे त्या वयात त्यांना कळायला नको होतं.

एवढं मी बाबांसाठी केलं, असं मी स्वतःला सांगत आले. त्यातलं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की मला तुझा राग आला होता. एकदाही तुला वाटलं नाही की ताई असं करणार नाही? सात वर्षं त्या पोरांशी शाळेच्या फाटकापाशी भांडले ती मी. तू एका क्षणात विश्वास ठेवलास. मग मला माझ्यावर झालेला अन्याय आवडायला लागला. रोज उठून तो घासूनपुसून ठेवायचा आणि म्हणायचं, बघा, मी किती सोसते. अशी सवय लागली की सुटत नाही रे. बाबा गेल्यावर तर लपवायचं काही कारणच उरलं नव्हतं. तू चार दिवस समोरच्या खोलीत झोपत होतास. मी चहा आणून ठेवला आणि कपाटाच्या किल्ल्यांबद्दल बोलले. त्याबद्दल मला माफ कर. बाकीच्या कशाहीपेक्षा त्या चार दिवसांची मला जास्त लाज वाटते.

यादीवर मी सही केली आहे. एकतिसाव्यापुढची जागा कोरी सोडली आहे. कागद तुझ्याकडे पाठवते. तुला जे नाव हवं ते लिही, झ घाल, दोन झ घाल, आणि सरळ बाईंकडे धाड. मी काही म्हणणार नाही. फक्त ते नाव खोडताना आता तुला ठाऊक असेल की तू कोणाचं अक्षर खोडतोयस.

ताई


२२ मार्च

बाईंचा निरोप आला. यादी अठरा तारखेला पोचली, दोन्ही सह्या आहेत, काम सुरू. ‘एकतिसावं नाव छपाईची चूक नाही’ असं तू समासात लाल पेनाने लिहिलंयस, तेही त्यांनी कळवलं. मी हपिसात पुठ्ठ्यांच्या ढिगाआड जाऊन दहा मिनिटं बसून राहिले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, एक प्रूफ पास झालं.

तुझं पत्र काल मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठी. माफ केलंय की नाही, ते लिहिलेलं नाहीस. नको लिहूस, घाई नाही. एकच प्रश्न विचारलायस: ‘बाबा किती वेळ टिकले?’ गेम करणाऱ्यानेच विचारावा असा प्रश्न. सांगते.

पहिल्या डावात नऊ सेकंद. चष्मा कपाळावर ठेवून ते बटणं शोधत होते, तेवढ्यात संपलं. मेल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “परत?” दुसऱ्यात चौदा. तिसऱ्यात बावीस, तेव्हा त्यांनी खुर्चीत उडी मारली आणि खालून किल्लीवाल्याने विचारलं, काय पडलं. चौथ्यात पुन्हा नऊ. चुना मारायची कूची चालवतात तशी ते बंदूक चालवायचे, सगळीकडे. आणि तू तो शत्रू असा बनवला होतास की गोळी लागली की तो धावून येतो.

पाचव्या डावात त्यांनी सुरुवातीलाच बोटं उचलून मांडीवर ठेवली. मी म्हटलं, बाबा, झाडा ना. ते म्हणाले, “थांब. हा पाय कुठून आणला त्याने?”

मी विचारलं, कुठला पाय?

“डावा. बघ, ओढतोय. माझा आहे तो.”

मी बघितलं. तोवर मी ते वीस वेळा पाहिलं असेल, पण दिसलं नव्हतं. शिडीवरून पडल्यानंतर बाबा जसे चालायचे, उजवा पाय टाकायचा, जरा थांबायचं, मग डावा मागून ओढून आणायचा, तसाच तो चालत होता. तू हे कोणालाच सांगितलं नव्हतंस. मुद्दाम केलंस की हाताला वळण होतं म्हणून झालं, ते मला आजही माहीत नाही, आणि तू सांगावंस असा हट्ट नाही. बाबांनी मात्र ओळखलं. ते पुढे झुकून, हात मांडीवर ठेवून, तो सबंध पडदा ओलांडून येईपर्यंत बघत राहिले. “येऊ दे त्याला,” म्हणाले, “चांगलं चालवलंय पोराने.” त्यानंतर त्यांनी नाव सांगितलं.

त्या डावात ते सगळ्यात जास्त टिकले. एक मिनिट अकरा सेकंद. त्यांनी एकही गोळी झाडली नव्हती.

तुझी ताई